घर गोठायच्या आत: टेक्सासमधली राहती घरं, भाड्याची घरं आणि डिसेंबरची भारतवारी

काठपदर | १० नोव्हेंबर २०२४

काल आमच्या भाड्याच्या घरात नवीन कुटुंब राहायला आलं. चाव्या देताना मी त्यांना स्वयंपाकघर दाखवायच्या आधी अंगणात नेलं. मीटरपासून घराकडे येताना गवतात एक हिरवं झाकण आहे. ते उघडून आतला मेन वॉल्व्ह दाखवला आणि त्यांच्याच हातानं एकदा बंद करून परत उघडायला लावला. त्यांना नवल वाटलं. डॅलसला नोव्हेंबरात अजून अर्ध्या बाह्यांचे कपडे चालतात. थंडीचा विचार कोण करतो?

मी करते, त्याला कारण आहे.

१५ फेब्रुवारी २०२१च्या पहाटे दीडच्या सुमारास टेक्सासभर वीज कापायला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी डॅलसच्या विमानतळावर पारा उणे २ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे उणे १९ सेल्सियस. १९४९नंतर इथं एवढी थंडी पडली नव्हती. आम्ही आमच्या घरात सगळ्या गोधड्या एका खोलीत आणून चौघंजण बसलो होतो. राहत्या घराचे नळ बारीक धारेवर ठेवले होते, बाहेरचे नळ गुंडाळले होते. वीस मैलांवरच्या भाड्याच्या घराचं मात्र एका मेसेजवर भागवलं: "नळ थोडे चालू ठेवा."

१७ तारखेला दुपारी तिथून फोन आला. वीज आली होती, घर गरम व्हायला लागलं होतं आणि छतातून पाणी पडत होतं. तिथल्या भाडेकरू मुलानं एकच विचारलं, "पाणी कुठून बंद करू?" मला माहीत नव्हतं. घर घेऊन चार वर्षं झाली होती आणि मला माहीत नव्हतं. मी म्हटलं गॅरेजमध्ये बघा. तिथं नव्हता. मीटरपाशी बघा म्हटलं, तर मीटरच्या झाकणावर बर्फ घट्ट बसलेला आणि किल्ली नाही. शेवटी शेजाऱ्यानं येऊन ते हिरवं झाकण शोधलं. तोवर पन्नास मिनिटं गेली होती. निजायच्या खोलीचं छत ओल्या इन्सुलेशनसकट खाली आलं होतं, सात महिन्यांच्या बाळाच्या कॉटवर. बाळ तेव्हा आईच्या कडेवर होतं, म्हणून मी आज हे लिहू शकते आहे.

पाइप फुटणं कदाचित टळलं नसतं. ती पन्नास मिनिटं नक्की टळली असती. घरमालक म्हणून तो दोष माझा होता, आणि तेव्हापासून मी दर वर्षी नोव्हेंबरात दोन्ही घरांची तयारी करते. तुम्ही काय करता ते इथं लिहा. भाड्यानं राहणाऱ्यांनीही लिहा आणि डिसेंबरात घर बंद करून भारतात जाणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

उत्तरध्रुव | १० नोव्हेंबर २०२४

मिनीआपोलिसमध्ये अठरा हिवाळे काढले. इथं उणे २० फॅरनहाइटला कुणी घाबरत नाही, याचं कारण माणसं चिवट आहेत असं नाही. घरं वेगळी बांधलेली आहेत. पाण्याचे पाइप तळघरातून आणि आतल्या भिंतींतून जातात. बाहेरच्या नळाची दांडी लांब असते, त्यामुळे फिरवायची तोटी बाहेर असली तरी पाणी अडतं ते भिंतीच्या आत, उबेत. ऑक्टोबरात कॉम्प्रेसरची हवा मारून बागेच्या स्प्रिंकलरचे पाइप कोरडे केले जातात.

टेक्सासला बहिणीकडे आलो तेव्हा अ‍ॅटिकमध्ये चढून पाहिलं. पाण्याचे पाइप इन्सुलेशनच्या वर, मोकळ्या थंड हवेत! आपल्याकडच्या माळ्यावर पाण्याची लाइन टाकली आणि माळ्याला खिडक्या उघड्या ठेवल्या, असा तो प्रकार. इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांवरून २० फॅरनहाइट हा अशा उघड्या पाइपांसाठी धोक्याचा आकडा मानतात. पाणी ३२ला गोठतं म्हणून ३२ला घाबरायला नको, पण रात्रीचा अंदाज २०च्या खाली दिसला की हातपाय हलवायचे. वारा अ‍ॅटिकच्या फटीतून थेट पाइपावर येत असेल तर त्याही आधी.

आणि बागेची नळी नळाला जोडलेली ठेवू नका. आमच्याकडचे लांब दांडीचे नळसुद्धा एवढ्या एका चुकीनं फुटतात. नळी जोडलेली असली की दांडीतलं पाणी बाहेर पडत नाही आणि तिथंच गोठतं.

पारिजातक | ११ नोव्हेंबर २०२४

ऑस्टिनहून लिहिते आहे, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनियर. काठपदरताई, छतातून पाणी १५ला न येता १७ला का आलं, ते सांगते, कारण इथंच बरेच लोक गाफील राहतात.

पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलो. बर्फानं पाइप आतून ढकलून फोडला असं आपण समजतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. बर्फाचा बोळा तयार होतो आणि वाढताना पुढच्या पाण्याला नळाच्या दिशेनं दाबत जातो. नळ बंद असला तर बोळा आणि नळ यांच्यामध्ये पाणी कोंडतं, त्याचा दाब प्रचंड वाढतो आणि पाइप तिथं फुटतो, जिथं बर्फ नसेलही. फुटल्यावर लगेच काही दिसत नाही, कारण मागे बोळा बुचासारखा बसलेला असतो. ऊब आली, बोळा वितळला की धार सुरू. म्हणून वीज आल्याचा आनंद झाला की पहिल्या तासात छताकडे लक्ष ठेवा.

नळ बारीक चालू ठेवायचा तो याच कारणानं. वाहत्या पाण्यामुळे गोठणं थोडं लांबतं हे खरं, पण खरा फायदा दाबाला वाट मिळण्याचा आहे. म्हणून कुठला तरी एक नळ चालू ठेवून भागत नाही. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले आणि मेनपासून सर्वात लांबचे नळ निवडा, आणि गरम व थंड दोन्ही बाजू सोडा. गरम पाण्याचा पाइपही तितकाच फुटतो. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, खोलीतली ऊब आत जाऊ द्या. घरात रांगतं मूल असेल तर तिथली साफसफाईची औषधं आधी उचलून वर ठेवा.

ह्यूस्टनवासी | ११ नोव्हेंबर २०२४

पारिजातक यांचं शास्त्र बरोबर आहे, पण २०२१ला आमच्याकडे ते चाललं नाही. लाखो घरांत नळ चालू, हजारो पाइप फुटलेले, पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेलाच वीज नाही. शहराचा दाब उतरला. धार बारीक झाली आणि मग थांबली. पाणी उकळून प्या असा आदेश आला, पण उकळायला वीज नव्हती.

म्हणून माझा नियम वेगळा आहे. वीज आहे तोवर नळ चालू. वीज जाऊन चार तास झाले आणि परत येण्याची चिन्हं नाहीत, की मेन वॉल्व्ह बंद करायचा आणि घरातले सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे, सर्वात वरच्या मजल्यापासून सर्वात खालच्या बाहेरच्या नळापर्यंत. पाइपात पाणीच नसेल तर फुटायला काही उरत नाही. त्याआधी बाथटब भरून घ्यायचा, संडासात ओतायला. प्यायचं पाणी वेगळं. आईनं दिलेली कळशी आणि दोन हंडे मी इतकी वर्षं शोभेचे म्हणून ठेवले होते. त्या आठवड्यात त्यांनीच घर चालवलं.

दुसरी गोष्ट पाण्याहून महत्त्वाची आहे. त्या थंडीत आमच्या शहरात माणसं कार्बन मोनॉक्साइडनंही गेली. कोळशाची शेगडी घरात पेटवली, जनरेटर गॅरेजमध्ये लावला, गॅरेजमध्येच गाडी चालू करून मुलांना उबेला बसवलं. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी तो वायू घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप येते आणि माणूस उठत नाही. जनरेटर घरापासून निदान वीस फूट दूर, उघड्यावर. गॅसच्या शेगडीवर चहा करा, पण खोली गरम करायला ती पेटती ठेवू नका. या वायूचा इशारा देणारा, बॅटरीवर चालणारा सूचक आजच आणा. भिंतीतल्या विजेवरचा सूचक वीज गेल्यावर काही वेळा मुका होतो, म्हणून त्यात बॅटरी आहे का ते तपासा.

राज्याच्या आरोग्य खात्यानं त्या वादळातले २४६ मृत्यू नोंदवले. घर दुरुस्त करता येतं.

पारिजातक | ११ नोव्हेंबर २०२४

मेन बंद करण्याबद्दल सहमत, दोन गोष्टी जोडते. टाकीचा गीझर असेल तर तो आधी बंद करा. विजेवरचा असेल तर ब्रेकर पाडा, कारण टाकी रिकामी असताना वीज आली तर आतला एलिमेंट जळतो. गॅसचा असेल तर नॉब पायलटवर, म्हणजे फक्त छोटी ज्योत राहते त्या खुणेवर, आणा.

आणि भिंतीवरचा टँकलेस, म्हणजे बिनटाकीचा गीझर, असेल तर विशेष जपा. टेक्सासमध्ये हे यंत्र बरेचदा घराच्या बाहेरच्या भिंतीवर टांगलेलं असतं. ते गोठू नये म्हणून आत छोटे हीटर असतात, पण ते विजेवर चालतात! वीज गेली की सर्वात आधी त्याचाच नाजूक भाग गोठतो. खालच्या दोन झडपा बंद करून बुचातून पाणी कसं काढायचं ते उन्हात, निवांत असताना एकदा करून पाहा. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, बोटं बधिर झालेली असताना ते पहिल्यांदा शिकू नये.

अवकाळी | १२ नोव्हेंबर २०२४

मी भाड्यानं राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीत वॉल्व्ह माझ्या हातात नाही, अ‍ॅटिक माझ्या हातात नाही. २०२१ला वरच्या घरातून पाणी आलं तेव्हा इमारतीच्या ऑफिसचा फोन तीन दिवस लागला नाही. लॅपटॉप, पुस्तकं, लग्नातला शालू, सगळं भिजलं. नंतर कळलं की इमारतीचा विमा भिंतींचा असतो, माझ्या सामानाचा नाही. करारात "गोठण्यापासून पाइप वाचवण्याची खबरदारी भाडेकरूनं घ्यावी" असं एक वाक्य होतं, तेच मला दाखवलं गेलं. इथले घरमालक एवढा विचार करताना वाचून बरं वाटलं. पण माझ्यासारख्यानं नक्की काय करायचं?

काठपदर | १२ नोव्हेंबर २०२४

अवकाळी, तुमचं वाचून वाईट वाटलं. त्या घटनेनंतर मी कायदा नीट वाचला, तेवढं सांगते.

टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडचं ९२वं प्रकरण भाडेकरूंसाठी आहे. सर्वसाधारण माणसाच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला बाधा येईल अशी गोष्ट बिघडली तर ती दुरुस्त करायचा प्रामाणिक प्रयत्न मालकानं करायचाच आहे. पण त्यासाठी भाडं थकलेलं नसावं आणि कळवलेलं असावं. फोनवर कळवलेलं पुढे सिद्ध करता येत नाही. लेखी द्या. पहिलंच पत्र सर्टिफाइड मेलनं, म्हणजे पाठवल्याची पोच मिळणाऱ्या टपालानं, पाठवलं तर दुसरं पाठवावं लागत नाही. त्यानंतर सात दिवस हा दुरुस्तीसाठी वाजवी काळ मानला जातो, परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होऊ शकतो. नुकसान विम्यातून भरून निघणार असेल तर मालकाची मुदत विम्याचे पैसे हातात आल्यापासून सुरू होते, ही त्यातली भाडेकरूला जाचणारी गोष्ट आहे. घर अजिबात राहण्याजोगं नसेल तर दोघांपैकी कुणीही लेखी कळवून करार संपवू शकतं. मात्र रागानं भाडं थांबवू नका, त्यानं तुमचाच हक्क जातो.

भाडेकरूचा विमा घ्याच. महिन्याला बाहेरच्या एका जेवणाएवढा खर्च येतो. आणि आत्ता, नोव्हेंबरात, ऑफिसला लेखी विचारा: माझ्या घराचा वॉल्व्ह कुठं आहे, रात्री कुणाला फोन करायचा, कुणीच नाही आलं तर काय करायचं. उत्तर आलं नाही तरी तुम्ही विचारल्याची नोंद राहते.

करारातल्या त्या वाक्याबद्दल एक मालक म्हणून बोलते. खबरदारी भाडेकरूनं घ्यावी असं लिहायचं आणि वॉल्व्ह दाखवायचा नाही, हे मला पटत नाही. जो माणूस त्या छताखाली झोपतो त्याच्या हातात पाणी बंद करायची सोय हवी. मी आता फ्रिजच्या बाजूला एक कागद चिकटवते: वॉल्व्हचा फोटो, किल्ली टांगलेली जागा, ब्रेकरचा नंबर, माझा आणि प्लंबरचा फोन. कडाक्याच्या रात्री भाडेकरूंनी नळ चालू ठेवले तर वाढलेलं पाण्याचं बिल मी देते आणि हे त्यांना आधी सांगते, नाहीतर बिलाच्या भीतीनं लोक नळ बंद करतात.

उत्तरध्रुव | १२ नोव्हेंबर २०२४

मिनेसोटात या जानेवारीपासून कायदाच झाला: १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल भाड्याच्या घरात निदान ६८ फॅरनहाइट ऊब देता आली पाहिजे. टेक्सासच्या लोकांनी आपल्या आमदाराकडे हे मागायला हरकत नाही.

निफाडकर | १३ नोव्हेंबर २०२४

भारतवारीबद्दल मी लिहितो.

२०२२च्या डिसेंबरात आम्ही चार आठवडे घरी, निफाडला होतो. नाताळच्या दोन दिवस आधी टेक्सासमध्ये पारा एका रात्रीत कोसळला. आमच्या कॉलनीतली निम्मी भारतीय घरं तेव्हा रिकामी होती. तिकिटं स्वस्त नसतात, मुलांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात, सगळे एकदम जातात. थंडीही नेमकी तेव्हाच येते. मी निघताना पाणी बंद केलं नव्हतं. पोहे खाता खाता शेजाऱ्याचा व्हिडिओ आला: गॅरेजच्या दाराखालून पाणी रस्त्यावर वाहत होतं. त्याच्याकडे चावी होती, त्यानं मेन बंद केला, कार्पेट ओढून बाहेर काढलं, पंखे लावले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता निघायच्या दिवशी क्रम ठरलेला आहे. मेन बंद. वरचे-खालचे नळ उघडून पाइप रिकामे. सगळ्या संडासांचे फ्लश ओढून टाक्या रिकाम्या. गीझर वर सांगितला तसा. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नाही. चार पैसे वाचवायला हीटर पूर्ण बंद करून जाऊ नका. घर रिकामं असताना ऊब चालू ठेवलेली असावी किंवा पाणी काढून टाकलेलं असावं, अशी अट बऱ्याच विम्यात असते. मी दोन्ही करतो आणि मीटरच्या काट्याचा तारखेसकट फोटो काढून ठेवतो. घराला आगीचे स्प्रिंकलर असतील तर त्यांची लाइन बंद करू नका, आधी विचारून घ्या. स्प्रिंकलरवरून आठवलं: अंगणातल्या पाण्याच्या लाइनवर घराला लागून जो पितळी बॅकफ्लो (बागेचं पाणी उलटं घरच्या लाइनीत येऊ न देणारी झडप) असतो, तो सर्वात आधी फुटतो. त्याच्या दोन्ही झडपा बंद करा, छोटे स्क्रू फिरवून आतलं पाणी काढा, मग जाड कापड आणि वर प्लास्टिक.

आणि एक चावी शेजारी द्या. नुसती चावी नको, त्याला वॉल्व्ह दाखवून द्या.

निफाडला पारा खाली गेला की वडील पहाटे तीनला उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायचे आणि ठिबक सोडायचे. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, मुळाशी ते पोचलं की वेलीला कडाका बाधत नाही, असं ते सांगायचे. टेक्सासमध्ये पहिल्यांदा रात्री नळ बारीक सोडून झोपलो तेव्हा अंथरुणात तो आवाज ऐकत मला बागच आठवली.

मुळशीकर | १३ नोव्हेंबर २०२४

माझे सासू-सासरे या डिसेंबरात पहिल्यांदाच इथं येत आहेत. दोघंही सत्तरीपुढचे. हे वाचून काळजी वाटायला लागली. अंगणातल्या तुळशीचं आणि कढीपत्त्याचंही विचारायचं होतं, पण आधी माणसांचं सांगा.

ह्यूस्टनवासी | १३ नोव्हेंबर २०२४

घाबरू नका, थोडी तयारी करा. वीज गेलीच तर दक्षिणेकडची एक लहान खोली निवडा, सगळ्यांनी तिथं झोपायचं. दाराखाली टॉवेल, खिडकीला चादर. दोघांची औषधं महिनाभराची जास्तीची ठेवा. इन्सुलिन असेल तर ते गोठूही द्यायचं नाही. ऑक्सिजन किंवा विजेवरचं काही यंत्र लागत असेल तर वीज कंपनीकडे आधीच नोंद करा आणि कुणाच्या घरी जायचं ते ठरवून ठेवा. म्हातारी माणसं थंडी वाजते म्हणून सांगत नाहीत. हात लावून पाहायचं.

तुळस आणि कढीपत्ता ४० फॅरनहाइटला आत. कढीपत्ता गॅरेजमध्ये पानं टाकेल, पण बहुतेक जगतो. पाणी कमी घाला.

पारिजातक | १४ नोव्हेंबर २०२४

गोठलेला पाइप कसा सोडवायचा ते राहिलं. नळातून पाणी येत नाही, पण फुटलेलं काही दिसत नाही, अशा वेळी नळ उघडा ठेवा आणि हेअर ड्रायरनं नळाच्या बाजूनं सुरुवात करून मागे मागे जा. मधूनच गरम केलं तर वितळलेलं पाणी दोन बर्फांत कोंडतं. आगीची ज्योत कधीही नाही, अ‍ॅटिकमध्ये तर नाहीच.

पाणी परत सोडताना मेन पाव भाग उघडा आणि मीटरपाशी उभे राहा. मीटरच्या तबकडीवर एक लहान त्रिकोण किंवा चक्र असतं. घरातले सगळे नळ बंद असताना ते फिरत असेल तर कुठेतरी पाणी जातंय. लगेच बंद करा आणि शोधा. पाइप दुरुस्त करवलात तर कापलेला तुकडा फेकू नका, विमा कंपनीला लागतो. भिजलेली ड्रायवॉल (भिंतीचे जिप्समचे पत्रे) एक-दोन दिवसांत सुकली नाही तर बुरशी धरते, म्हणून फोटो काढून ओलं काढायला लागा, पाहणीला येणाऱ्याची वाट पाहत बसू नका.

ह्यूस्टनवासी | २२ जानेवारी २०२५

काल ह्यूस्टनला बर्फ पडला. मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा अंगणात बर्फाचा माणूस केला. वीज टिकली, नळ रात्रभर चालू होते, घर ठीक. बाकीच्यांनी कळवा.

मुळशीकर | २२ जानेवारी २०२५

आमच्याकडे सगळे सुखरूप. सासूबाईंनी स्वतः सिंकखालची कपाटं उघडून ठेवली. तुळस देवघरात आहे.

काठपदर | २२ जानेवारी २०२५

राहतं घर ठीक आहे. भाड्याच्या घरात काल सकाळी बाहेरच्या एका नळामागे भिंतीत पाणी आलं. तो नळ मागच्या कुंपणाजवळ, झुडपाआड आहे. नोव्हेंबरात मी चार नळ गुंडाळले आणि हा पाचवा माझ्याच यादीतून राहिला होता, नळीही जोडलेलीच होती. आज प्लंबर येऊन गेला, भिंत फूटभर उघडावी लागली.

भाडेकरूचा फोन आला तेव्हा मी घाईघाईनं विचारलं, पाणी बंद करता येईल का. ते म्हणाले, "बंद करूनच फोन केला ताई. दोन मिनिटं लागली."